यात्रांच्या कुस्त्या सुरू व्हायच्या आधी, जुन्या पैलवानांसाठी एक वही



चैत्र जवळ आला. शिक्रापूर, तळेगाव ढमढेरे, केंदूर, पाबळ, सणसवाडी, कोरेगाव भीमा, रांजणगाव आणि तिकडं पार दौंडपर्यंत गावोगावच्या यात्रा कमिट्या आता बैठकांना बसतील. वर्गणी किती, तमाशा कुणाचा, बैलगाड्याचा घाट कधी, आणि शेवटच्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा. आखाड्याचा विषय निघाला की ग्रुपवर जुन्या पैलवानांचे फोटो फिरायला लागतात. फेटा बांधलेला, खांद्यावर गदा, मागं हलगीवाला आणि खाली एकच ओळ : "असा पैलवान पुन्हा होणे नाही."

फोटो बघून छाती फुगते, यात वाद नाही. पण एक गोष्ट बघा. हे फोटो फक्त गदा मिळालेल्यांचे असतात. हरलेल्याचा फोटो कुणी टाकत नाही. पहाटे उठून पोरांची मेहनत घेणाऱ्या वस्तादाचा टाकत नाही. आपल्याच गावच्या मातीत दहा-पंधरा वर्षं लंगोट लावून लढलेल्या आणि आता कट्ट्यावर काठी टेकून बसलेल्या म्हाताऱ्याचा तर नाहीच नाही.

१५ जानेवारी २०२६ ला खाशाबा जाधवांच्या जन्माला १०० वर्षं पूर्ण झाली. त्या निमित्तानं, नवा मोसम सुरू व्हायच्या आधी, हा विषय जरा मुळापासून बघू.

पुण्यातून निघालेली पहिली वाट

भारताची ऑलिम्पिकची वाट पुण्यातून निघाली, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा बघायला सर दोराबजी टाटा आले होते. अनवाणी पळणारी खेड्यापाड्यातली पोरं बघून त्यांनी मनावर घेतलं आणि १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्पच्या ऑलिम्पिकला आपला चमू गेला. त्यात धावपटूंबरोबर दोन पैलवान होते, कुमार नवले आणि रणधीर शिंदे. रणधीर शिंदे आपल्या वजनगटात चौथे आले.

चौथे! म्हणजे पदकाला एक पायरी कमी. खाशाबांच्या पदकाच्या ३२ वर्षं आधीची ही गोष्ट. समुद्रापार जाऊन, परक्या नियमांनी, मातीऐवजी गादीवर लढून मराठी पैलवान जगात चौथा आला, आणि आज कुस्तीच्या शंभर शौकिनांना विचारलं तर त्यातल्या पाच जणांना तरी त्यांचं नाव सांगता येईल का, शंका आहे. एक पायरी कमी पडली आणि माणूस आठवणीतून गेला.

खाशाबा, कॉलेज आणि गहाण पडलेलं घर

खाशाबांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण आपण ती पदकापासून सुरू करतो. ती कॉलेजापासून सुरू करायला पाहिजे.

कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पोरगा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होता. अंगानं किरकोळ. कॉलेजच्या स्पर्धेत याला घ्यायलाच तयार नव्हते, असं सांगतात. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि पोरानं त्याच्यापेक्षा दांडगे गडी पाडून दाखवले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला आणि खाशाबा सहावे आले. आयुष्यात पहिल्यांदा गादीवरच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळणाऱ्या पोराचा सहावा नंबर!

१९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पुन्हा पैशाचा प्रश्न उभा राहिला. गावानं वर्गणी काढली, व्यापाऱ्यांनी दिली, तरी भागेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. विद्यार्थी कुस्तीला जातोय म्हणून प्राचार्यानं घर गहाण टाकलं! आजच्या जमान्यात ही गोष्ट पोरांना सांगितली तर त्यांना खरी वाटणार नाही.

खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना हरवलं. जपानच्या इशीकडून आणि सोव्हिएत संघाच्या ममेदबेकोवकडून ते हरले. इशीला सुवर्ण मिळालं, ममेदबेकोवला रौप्य आणि आपल्या खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं. कुस्तीत तर दुसरं पदक २००८ ला सुशीलकुमारनं आणलं, म्हणजे ५६ वर्षांनी.

परत आल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. तिचं वर्णन आपण नेहमी ऐकतो. त्याच्या पुढची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून प्राचार्यांचं कर्ज फेडलं. आखाड्याला आलेल्या साध्या माणसांच्या पैशातून ते घर सुटलं. म्हणजे त्या पदकात कॉलेजचा वाटा आहे, गावाचा आहे आणि तिकीट काढून मातीत बसलेल्या प्रेक्षकाचाही आहे.

नंतर काय झालं? १९५५ ला पोलिसात फौजदाराची नोकरी मिळाली. १४ ऑगस्ट १९८४ ला अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. म्हणजे पदकानंतर जवळजवळ अर्धं शतक. आता त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्राचा क्रीडा दिन आहे, चांगलंच आहे. पण देशाला पहिलं पदक देणाऱ्याची ही कथा असेल, तर ज्यांच्या गळ्यात पदक पडलंच नाही त्यांचं काय झालं असेल, याचा विचार करा.

केसरींचा काळ

त्यानंतरचा काळ म्हणजे मराठी कुस्तीचा खरा बहर. १९५९ ला श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, पुढच्या वर्षी गणपतराव आंदळकर. १९६१ ला औरंगाबादला पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि दिनकर दह्यारींनी किताब घेतला. १९६२ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत मारुती माने आणि आंदळकर या दोघांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणलं. एकाच स्पर्धेत दोन मराठी पैलवानांची चार पदकं!

१९६९ चे महाराष्ट्र केसरी हरिश्चंद्र बिराजदार. दुसऱ्याच वर्षी त्यांनी एडिनबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण घेतलं. कुस्ती सुटल्यावर बिराजदार मामा पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद म्हणून उभे राहिले आणि पोरं घडवली. त्यांच्या हाताखाली बीड जिल्ह्यातला एक बारका पोरगा आला, राहुल आवारे. २०११ ला मामा गेले. २०१८ ला राहुलनं राष्ट्रकुलचं सुवर्ण जिंकलं आणि पदक मामांना अर्पण केलं. २०१९ ला त्यानं जागतिक स्पर्धेत कांस्य घेतलं.

वस्ताद गेल्यावर सात वर्षांनी शिष्यानं परदेशातल्या मैदानात त्याचं नाव घेतलं, याला म्हणतात आठवण ठेवणं. मामांच्या माघारी राहुलला काका पवारांनी कात्रजच्या संकुलात तयार केलं, ते स्वतः अर्जुन पुरस्काराचे मानकरी. एक वस्ताद गेला तर दुसऱ्यानं हात धरला. तालमीची परंपरा अशीच चालते, आणि ती कुठल्याच गदेवर कोरलेली नसते.

आता दुसरी बाजू. सोलापूर जिल्ह्यातल्या बोरामणीच्या शेख घराण्यात तीन महाराष्ट्र केसरी झाले : १९८० ला इस्माईल, १९९२ ला अप्पालाल, २००२ ला मुन्नालाल. एका घरात तीन गदा, अख्ख्या राज्यात असं घर शोधून सापडायचं नाही. पण त्याच अप्पालाल पैलवानांची शेवटची वर्षं आजारपणात आणि पैशाच्या ओढाताणीत गेली, मदतीची आवाहनं करावी लागली. किताब घेतलेल्या माणसावर ही वेळ आली. मातीत जात-धर्म बघत नाहीत, हे आपण भाषणात अभिमानानं सांगतो. मग म्हातारपणी मदत करतानाही तेवढाच अभिमान दिसला पाहिजे ना!

आपला नगर रोड

आता घराजवळ या.

वाघोलीचा अभिजित कटके. शिवरामदादा तालमीचा पठ्ठ्या. २०१७ ला भूगावच्या मैदानात किरण भगतला हरवून तो महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हा नगर रोडला गुलालाचा सडा पडला. पुढच्याच वर्षी जालन्यात तो पुन्हा अंतिम कुस्तीला पोचला आणि बाला रफिक शेखकडून हरला. लोक लगेच गप्प. पण गडी तालमीत परत गेला आणि २०२३ च्या जानेवारीत हैदराबादला हिंदकेसरी होऊन आला. मधली चार वर्षं तो काय करत होता, हे कुणी लिहून ठेवलंय का?

शेजारच्या खेड तालुक्यातला शिवराज राक्षे. जानेवारी २०२३ ला कोथरूडच्या मैदानात महाराष्ट्र केसरी. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला, म्हणजे आपल्या शिक्रापूरपासून हाकेच्या अंतरावर, पुन्हा स्पर्धा झाली आणि शिवराज पुन्हा अंतिम कुस्तीला. समोर मोहोळचा सिकंदर शेख, कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडलेला, हमाली करणाऱ्या बापाचा पोरगा. नियम तुम्हाला माहीत आहेच. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांच्यात किताबाची कुस्ती होते. सिकंदरनं झोळी डाव टाकला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत कुस्ती निकाली. फुलगावला आपल्या भागातली किती माणसं होती ते सांगायला नको, ट्रॅक्टर भरभरून गेली होती.

सिकंदरची झोळी सगळ्यांना आठवते, आणि आठवायलाच पाहिजे, लाजवाब डाव होता. पण एकाच वर्षात दोनदा किताबाच्या कुस्तीपर्यंत जाणं हेही काय कमी आहे का?

या सगळ्यात माझ्या मते सर्वांत मोठा फोटो जानेवारी २०२० चा, बालेवाडीचा. नाशिककडून खेळलेला हर्षवर्धन सदगीर आणि लातूरकडचा शैलेश शेळके अंतिम कुस्तीला. दोघंही काका पवारांच्याच तालमीतले, एका ताटात जेवलेले. हर्षवर्धन जिंकला आणि जिंकल्या जिंकल्या त्यानं हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून मैदानाला फेरी मारली. हरलेला माणूस विजेत्याच्या खांद्यावर! आपण शौकिनांनी त्या एका फोटोतून शिकायला पाहिजे.

गदा दोन, नोंद अर्धी

अलीकडं संघटनांच्या भांडणात एकाच मोसमात दोन-दोन महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्या आणि दोन-दोन केसरी झाले. उद्या तुमच्या नातवानं विचारलं की त्या साली महाराष्ट्र केसरी कोण, तर काय सांगणार? राज्याच्या मोठ्या स्पर्धेची ही गत, तर गावच्या आखाड्याचं काय घेऊन बसलात. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीनं गदा घेतली. आज मुली आखाड्यात उतरतात. पण त्यांच्या आधी बापाबरोबर यात्रेला जाऊन पोरांशी लढलेल्या पोरी कोण होत्या? नोंद नाही.

गावच्या आखाड्याची रीत आठवा. दुपारी आखाड्याची पूजा होते, नारळ फुटतो, हलगी कडाडते. आधी बारक्या पोरांच्या कुस्त्या, रेवड्या-खोबऱ्यावर. मग पन्नास, शंभर, पाचशे रुपयांच्या. कमिटीची जाणती माणसं नुसत्या नजरेनं उंची-अंगकाठी बघून जोड लावतात. ऊन उतरलं की नामांकित जोडी आणि दिवेलागणीला एक नंबरची कुस्ती, लाखाच्या इनामाची.

यातलं लिहिलं काय जातं? फ्लेक्सवर एक नंबरच्या जोडीचे फोटो छापतात. वर्गणीदारांची नावं पावतीबुकात असतात. हल्ली मोबाईलवर व्हिडिओ निघतो, पण तोही शेवटच्या दोन-चार कुस्त्यांचाच. रेवड्यांवर लढलेला आठ वर्षांचा पोरगा कुठल्याच कागदावर नसतो. आणि लक्षात घ्या, शिवराज असो नाहीतर अभिजित, प्रत्येकजण कधीतरी तो रेवडीवाला पोरगाच होता.

आजवर ही सगळी नोंद दोनच ठिकाणी राहिली. एक निवेदकाच्या तोंडात. माइक हातात घेतला की कुणाचा बाप कुणाशी कुठल्या सालात लढला हे तो धडाधड सांगतो. आणि दुसरी म्हाताऱ्या पैलवानांच्या डोक्यात. ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच्या यात्रा गाजवल्या ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. दर पावसाळ्याला त्यातले एक-दोन कमी होतात. एक माणूस गेला की त्याच्याबरोबर चाळीस गावांच्या यात्रा जातात.

हा नुसता भावनेचा विषय नाही, व्यवहाराचाही आहे. केसरी झालेल्यांना सरकारचं मानधन आहे. यात्रेतल्या पैलवानाला कुठली मदत मागायची म्हटली, कलाकारांसारखी एखादी योजना मागायची म्हटली, तर पहिला प्रश्न येतो : पुरावा काय? तुम्ही कुस्ती केली याचा कागद दाखवा. त्याच्याकडं मोडलेला कान असतो, दुखणारा गुडघा असतो, कागद नसतो. मोडलेल्या कानाला सरकारी कचेरीत शिक्का बसत नाही.

काय करता येईल

आपल्या पट्ट्यात पैशाची कमी आहे असं कुणी म्हणू नये. रांजणगाव, सणसवाडी, कोरेगाव भीमाला कंपन्या आल्या, जमिनीला भाव आला, यात्रांची वर्गणी वाढली. पण पोरगा कंपनीत तीन पाळ्यांत अडकला आणि पहाटेची तालीम ओस पडली. खुराकाचा खर्च तर विचारूच नका. दूध, तूप, बदाम यांचे भाव बघितले तर एक पैलवान पोसणं म्हणजे घरात आणखी एक संसार चालवणं. अशा वेळी बाहेरून आणलेल्या एका जोडीवर सगळा पैसा लावायचा आणि गावच्या पोराला शंभराची नोट दाखवायची, हे गणित बदलायला नको का?

म्हणून यंदाच्या यात्रा कमिट्यांपुढं चार गोष्टी ठेवतो.

पहिली, वही. दोनशे पानी साधी वही आणा. आखाड्याच्या कडेला सुवाच्य अक्षराचा एक पोरगा टेबल टाकून बसवा. प्रत्येक कुस्तीची नोंद करा. तारीख, दोघांची पूर्ण नावं, गाव, तालीम, वस्ताद, इनाम, निकाल काय आणि कुठल्या डावावर, बरोबरीत सुटली का, पंच कोण. पहिल्या रेवडीच्या कुस्तीपासून शेवटच्या कुस्तीपर्यंत. हरणाऱ्याचं नाव जिंकणाऱ्याच्याच अक्षरात, तेवढ्याच आकारात. यात्रा झाली की वहीवर ग्रामपंचायतीचा शिक्का आणि एक प्रत शाळेत.

दुसरी, जुन्यांची मोजदाद. यात्रेच्या आधी गावातल्या म्हाताऱ्या पैलवानांच्या घरी जाऊन त्यांच्याशी बोला आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. कुणाच्या तालमीत होते, कुठल्या गावात कुणाशी लढले, कुणाकडून हरले. हे काम आपल्या भागातल्या कॉलेजांनी पोरांना द्यावं. एका प्राचार्यानं घर गहाण टाकलं होतं, आजच्या कॉलेजांना फक्त पोरांची एक सुट्टी द्यायची आहे.

तिसरी, मान. आखाड्याच्या पहिल्या रांगेत पुढाऱ्यांच्या खुर्च्या असतात. त्यातल्या निम्म्या जुन्या पैलवानांसाठी आणि वस्तादांसाठी राखा. फेटा बांधायचा तर तो आधी त्यांना. आणि नुसता फेटा-नारळ नको, जमेल ती रक्कम पाकिटात घाला. कुणी उपकार समजू नये, इतक्या वर्षांची ती बाकी आहे.

चौथी, इनामाची वाटणी. एक नंबरच्या कुस्तीतलं थोडं कमी करा आणि खालच्या पन्नास कुस्त्यांना वाढवा. वर्गणी गावची आहे, तिच्यातून गावची तालीम जगली पाहिजे.

कुणी म्हणेल, वहीनं पैलवान तयार होतात का? होत नाहीत. पण पोरगा आखाड्यात उतरतो तो कुणाचं तरी नाव ऐकून. आपल्याच आळीतला, आपल्याच आडनावाचा कुणीतरी अमुक सालात अमुक मैदानात बरोबरीत सुटला होता, हे वहीत वाचलेल्या पोराला दिल्ली-कोल्हापूरचा हिरो शोधायला लागत नाही.

तुमच्या गावच्या कमिटीची बैठक कुठल्या दिवशी आहे तेवढं बघा आणि हा विषय तिथं काढा. तोपर्यंत आपापल्या गावचे जुने पैलवान आणि वस्ताद आठवून ठेवा, नाव, गाव, तालीम, अंदाजे साल. जिंकलेले आठवाच, पण हरलेले आधी आठवा. वहीचं पहिलं पान त्यांच्यापासून सुरू करू.